गुरुजींच्या पश्चात



हीरक महोत्सव हा कृतज्ञतेचा प्रसंग. शाल-श्रीफळाने शिक्षकांचा सत्कार होतो; परंतु शिक्षकाचे अकाली निधन झाल्यास त्याच्या पत्नीच्या हाती काय उरते, याचा विचार झाल्याविना ती कृतज्ञता अपुरी राहील.

याच रायपुरात 2022-23 मध्ये दिवंगत शिक्षाकर्मींच्या विधवा अनुकंपा नियुक्तीसाठी महिनोन्‌महिने धरणे धरून बसल्या होत्या. त्यांचे पती सरकारी शाळांतच शिकवीत. मात्र नेमणूक पंचायतीची होती. 2018 मध्ये शिक्षाकर्मींना शालेय शिक्षण विभागात सामावून घेतले गेले. त्याआधी मरण पावलेल्यांची कुटुंबे त्या लाभापासून दूर राहिली. नियुक्तीसाठी शिक्षकाची पात्रता हवी होती, ती अनेकींजवळ नव्हती. एकाच फळ्यासमोर राबलेल्या दोघांच्या घरांचे भवितव्य केवळ मृत्यूच्या तारखेने वेगळे ठरले.

2022 मध्ये राज्याने जुनी निवृत्तिवेतन योजना पुन्हा स्वीकारल्यामुळे शासकीय शिक्षकांच्या कुटुंबांना दिलासा मिळाला. खासगी शाळांतील शिक्षकांचा आधार मात्र भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली 1995 ची निवृत्तिवेतन योजना हाच. सेवेत असताना सभासद दगावला, तर एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी विधवेचा हक्क उत्पन्न होतो. 2014 मध्ये किमान निवृत्तिवेतन दरमहा 1,000 रुपये ठरले. एवढ्यात महिन्याचा किराणाही येत नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क शिक्षकांना 2009 च्या दुरुस्तीने, 3 एप्रिल 1997 पासून लागू असा, मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली.

हे दान नव्हे. शिक्षकाच्या श्रमाचे मागे राहिलेले मोल आहे. तरीही ते कागदांवाचून मिळत नाही. मराठी घरांत तर लग्नात नाव बदलते. एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, आणि दुःखाच्या दिवसांत तीच बाई आपण तीच असल्याचे सिद्ध करीत कचेऱ्यांत फिरते.

म्हणून शाळेने दरवर्षी प्रत्येक शिक्षकाचे नामनिर्देशन, सेवापुस्तक व निधीचे खाते तपासून घ्यावे. माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, हिशेबनीस आहेत, बँकेतील अधिकारी आहेत. त्यांनी या कामाला वर्षातून दोन दिवस द्यावेत. गुरुदक्षिणेची याहून उपयुक्त रीत क्वचितच सापडेल.