कारभाऱ्याच्या हातचे

कोणत्याही कारभारात काही गोष्टी कारभाऱ्याच्या हातच्या असतात, काही नसतात. नसलेल्यांची चिंता वाहण्यातच पुष्कळांचा दिवस सरतो, आणि हातचे काम तसेच राहते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण पाहा. बेळगावास त्यांनी लोखंडी नांगर घडविले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे पहिला नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. लोकांची मने हुकुमाने पालटणे लक्ष्मणरावांच्या हाती नव्हते; नांगर चांगला करणे होते. पुढे नगरपालिकेस वसाहतीसाठी जागा हवी झाली आणि कारखाना हलविणे भाग पडले. तो निर्णयही त्यांच्या हातचा नव्हता. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळजमीन व १०,००० रुपयांचे कर्ज दिले. औंध सातारा जिल्ह्यात, हा माळ आज सांगली जिल्ह्यात. पाऊस बेताचा, निवडुंग दाट, सापांचा सुळसुळाट. पाऊस पाडणे कोणाच्या हाती? निवडुंग तोडणे मात्र होते. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

यास कोणी दैववाद म्हणतील, तर तो नव्हे. शेतकऱ्याच्या मनास जो हात थेट पोहोचत नव्हता, तो शेतात चाललेल्या नांगराच्या द्वारे पोहोचला. हातचे काम नेटाने केले म्हणजे हाताची पोच वाढते. आम्हां शिक्षकांच्याही हाती परीक्षकाची लेखणी नसते. उद्याचा पाठ असतो. प्रत्येक कारभाऱ्याने आपला ‘उद्याचा पाठ’ कोणता, एवढे आज रात्री ठरवावे.