डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



रौप्यमहोत्सवात आजारपणावर बोलू नका, असं सौ. म्हणाली. पण २५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा चाळिशी-पन्नाशीत होतो. आता बहुतेक घरांत बी.पी.ची नाहीतर हृदयाची गोळी आहे. म्हणून बोलतो.

चार वर्षांपूर्वी मला हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, पाचव्या दिवशी घरी आलो. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली शेवटची ओळ होती : कार्डिअॅक रिहॅब, आठवड्यातून ३ वेळा, १२ आठवडे. म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, नाडी आणि बी.पी. तपासत हळूहळू वाढवायचा व्यायाम. जोडीला आहार आणि गोळ्यांबद्दल सल्ला. ३६ वेळा जायचं होतं. मी गेलो ४ वेळा.

कारणं भरपूर होती. वेळ दुपारी ३ ची आणि आपल्याकडचा एप्रिल! मुलगा पुण्यात. मला गाडी चालवायला तूर्त मनाई. गारखेड्याहून जालना रोडपर्यंत रिक्षाचं भाडं, वर फी, आणि माझ्या मेडिक्लेममध्ये ती बसेना. बिल्डिंगला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. पण खरं सांगू? मुख्य कारण भीती. ट्रेडमिलवर धडधडलं की वाटे, आता संपलं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "साहेब, आता फक्त आराम करा." मला तेच ऐकायचं होतं.

हा समज जुना आहे. एकेकाळी डॉक्टरच अशा रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणातून उठू देत नसत. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या लेव्हिन आणि लाउन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे विचार बदलत गेला. अशा व्यायामाने हृदयविकाराने मृत्यू येण्याचा आणि पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचा धोका कमी होतो, हे आज अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. बँकेच्या भाषेत, स्टेंट म्हणजे मंजूर झालेलं कर्ज. हप्ते आपणच भरायचे. माझे थकले होते.

मला बाहेर काढलं तळमजल्यावरच्या गुरुजींनी. एक दिवस स्कूटर काढून म्हणाले, "चला, मी बाहेर पेपर वाचत बसतो." डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू केलं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपतच दम लागू द्यायचा, हे तिथे शिकलो. सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या.

पुढचं सांगताना लाज वाटते. मागच्या वर्षी सौ.ला अटॅक आला. तिच्याही कार्डावर तीच ओळ होती. ते कार्ड मी नीट फाईलला लावलं. पंधराव्या दिवशी ती पोळ्या लाटत होती आणि आम्ही सगळे म्हणालो, "घरकामात होतोच की व्यायाम!" बायकांना रिहॅबला कमी पाठवलं जातं आणि त्या जातातही कमी, हे जगभर दिसतं. आमचं घर वेगळं नव्हतं. सहा महिन्यांनी कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाताना ती दोनदा थांबली. मीच रागावलो, "व्यायाम का करत नाहीस?" ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला गुरुजी मिळाले. मला कोण नेणार होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार मी तिला नेतो आणि बाहेर पेपर वाचत बसतो.

सोसायटीकडे मागणं छोटं आहे. नोटीस बोर्डावर एक यादी लावू : कोणाकडे गाडी आहे, कोणता वार मोकळा आहे. दवाखान्यातून घरी आलेल्याला "आराम करा" म्हणण्याऐवजी "रिहॅब कधीपासून?" असं विचारू. घरची बाई आजारी असेल, तर तिच्या स्वयंपाकाचं कोण बघणार, हेही विचारू. आणि लक्षात ठेवा : छातीत दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम आला, तर लगेच थांबायचं आणि १०८ ला फोन करायचा.

यादीत पहिलं नाव माझं लिहा. मंगळवार आणि गुरुवार. गाडी जुनी आहे, पण मालकासारखीच अजून चालते.