आधी वारा, मग आभाळ
(विज्ञान संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



माझं बालपण माण तालुक्यात गेलं. आषाढात दुपारी आभाळ भरून यायचं, वडील हातातलं काम टाकून बांधावर उभे राहायचे आणि ढग डोक्यावरून पूर्वेकडे निघून जायचे. “वारं ढगाला ठरू देत नाही,” एवढंच ते म्हणायचे. पुढे उपग्रहाची चित्रं वाचणं हाच माझा व्यवसाय झाला, आणि वडिलांच्या त्या वाक्यात केवढं विज्ञान होतं ते मला हळूहळू कळत गेलं.

इन्सॅट-३डी (२०१३), ३डीआर (२०१६) आणि ३डीएस (२०२४) हे आपले उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतात. म्हणून त्यांना आपला प्रदेश सतत दिसतो. दृश्य प्रकाशातल्या चित्राचा एक ठिपका एक किलोमीटरचा, तर उष्णतेच्या अवरक्त चित्राचा चार किलोमीटरचा असतो. लागोपाठच्या तीन चित्रांत तोच ढग ओळखायचा, तो कुठे आणि किती सरकला ते मोजायचं, की ढगाच्या उंचीवरचा वारा हाती येतो. ढगाने वारा सांगायचा आणि वाऱ्याने ढग, असा हा व्यवहार आहे.

पण ‘ढगाच्या उंचीवरचा’ हे शब्द विसरू नका. जुलैमधली चित्रं एकापाठोपाठ फिरवून पाहा. पांढरेशुभ्र ढग पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतात. नवा विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. नैऋत्य मोसमी वारा तर उलट दिशेचा! ते पांढरे ढग बर्फकणांचे असतात आणि चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवरच्या पूर्वेकडच्या झोतात वाहतात. या झोतावरचा हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांचा निबंध १९५८ चा आहे. पाऊस आणणारा पश्चिमेचा झोत मात्र जेमतेम दीड किलोमीटरवर असतो. जोसेफ आणि रामन या संशोधकांनी तो आपल्या द्वीपकल्पावर १९६६ मध्ये दाखवून दिला. एकाच चित्रात दोन उलटे वारे! कोणत्या थरातला ढग पाहतोय हे ठरवल्याशिवाय दिशेबद्दल बोलूच नये.

आता सह्याद्रीकडे या. ही भिंत जवळजवळ दक्षिणोत्तर आहे. खालच्या थरातला वारा तिच्यावर सरळ आदळला की हवा वर चढते, थंड होते आणि कोकणच्या बाजूपासून माथ्यापर्यंत ढगांचा सलग पट्टा दिसतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की हा वारा जोर धरतो आणि घाट झाकून जातो. तोच वारा डोंगराला समांतर वळला किंवा मंदावला, की पट्टा विरळ होतो. डोंगर तोच, समुद्र तोच, बाष्पही फारसं कमी झालेलं नसतं.

इथेच मी एकदा फसलो होतो, तेही सांगतो. अवरक्त चित्रात ढगाचा माथा जितका थंड तितका तो पांढरा दिसतो. घाटावरचे ढग बहुधा उथळ असतात, त्यांचे माथे फार वर जात नाहीत, म्हणून ते राखाडी दिसतात. असंच एक राखाडी चित्र पाहून मी महाबळेश्वरला साधारण पाऊस असेल असं लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजताना मापपात्र पुन्हा पुन्हा भरावं लागलं होतं.

माणमध्ये नेमकं उलट घडतं. माथा ओलांडून खाली उतरणारी हवा तापते, थेंब विरतात, ढग फाटतात. तरीही बरेच ढग उरतात. उपग्रह त्यांना ढगाळ म्हणून मोजतो आणि जमीन कोरडीच राहते. ढगांचं प्रमाण म्हणजे पाऊस नव्हे, हे दुष्काळी तालुक्यातल्या कोणालाही शिकवावं लागत नाही. पावसाच्या परतीच्या दिवसांत वारा पूर्वेकडचा झाला, की दुपारनंतर मेघगर्जनेचे उंच ढग उभे राहतात. माणची ज्वारी बरीचशी त्यांच्याच भरवशावर पेरली जाते.

म्हणून या संमेलनापुढे एक काम ठेवतो. कोकणच्या बाजूपासून माथा ओलांडून माणपर्यंत, पोलादपूर, महाबळेश्वर, वाई आणि दहिवडी अशा चार ठिकाणच्या शाळा निवडाव्यात. जून ते ऑक्टोबर, रोज सकाळी साडेआठ आणि दुपारी अडीच वाजता मुलांनी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: जमिनीवरचा वारा कुठून येतो, आभाळाचे आठपैकी किती भाग झाकले आहेत, आणि सर्वांत खालचा ढग कोणत्या दिशेने सरकतो. त्याच वेळेचं इन्सॅटचं चित्र आम्ही शेजारी लावू आणि दिवसांची विभागणी वाऱ्याच्या दिशेनुसार करू. वह्या मी स्वतः तपासेन. पहिली नोंद येत्या १ जूनला सकाळी साडेआठची.