प्रेमाचे पहिले पाठ



प्रेम हा विषय प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात कोठेही नाही. तरीही मूल तो शिकतेच. कोणाकडून आणि कसा, एवढाच काय तो प्रश्न. या दृष्टीने साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक शिक्षकाने पुन्हा एकदा, सावकाश वाचावे. सन १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले गेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झाले. पुस्तक वाचून डोळे पुसणे सोपे असते. त्यातील आई प्रेम कसे शिकविते हे पाहणे अधिक उपयोगाचे.

न्हाऊन आलेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये, म्हणून ती आपले ओले लुगडे पसरते. तसेच मनही स्वच्छ ठेवावे, हे ती हट्ट पुरविल्यानंतर सांगते, आधी नव्हे. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. पोहावयास भिणाऱ्या श्यामला तीच आई शिंपटीने मारते. हा प्रसंग छडीच्या समर्थनार्थ पुष्कळदा पुढे केला जातो, ते मात्र योग्य नव्हे. मारानंतर जवळ घेऊन दही देणारी आई असणे निराळे आणि चाळीस मुलांसमोर छडी उगारणारा शिक्षक असणे निराळे. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाईच केली आहे.

अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीची मोळी उचलून देण्यास आई श्यामला पाठविते, आणि घरी आल्यावर स्नान करावयासही सांगते. तिची दया रूढीच्या कुंपणातच उभी होती. मुलगा मात्र त्या कुंपणापलीकडे गेला. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे, म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. घरी मिळालेले प्रेम मूल कोठवर नेईल, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

गुरुजींची आई १९१७ साली गेली. शिक्षणासाठी दूर असलेल्या मुलाला तिची अखेरची भेट घडली नाही. पुढे १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयात मुलांची अंथरुणे आवरणे, त्यांचे कपडे धुणे ही कामे ते गाजावाजा न करता करीत. घर सोडून आलेल्या त्या मुलांना याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

आता आपल्या वर्गाकडे वळू. ‘माझी आई’ हा निबंध फळ्यावर लिहिला की बहुतेक मुले वह्यांवर वाकतात. एखादे मूल मात्र कोऱ्या पानाकडे पाहत राहते. कोणाची आई वारलेली असते, तर कोणाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेले असतात आणि मूल आजीपाशी राहते. त्या मुलापाशी लिहिण्याजोगे प्रेम नाही असे मुळीच नाही. विषयाने त्याला दाराबाहेर ठेवलेले असते. ‘माझ्यासाठी घरी कोण काय करते’ असा विषय दिला, तर तेच मूल पहाटे चूल पेटवून भाकरी बांधून देणाऱ्या आजीविषयी लिहील. ती वही तपासताना ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवरील तांबडी शाई एक दिवस थांबली तरी चालेल.