न कळलेला हक्क हा न मिळालेलाच हक्क
(वडसा-देसाईगंज येथील सभेतील भाषण)



काही वर्षांपूर्वी एक अंध तरुण आपल्या आईसह माझ्याकडे आला. त्याच्या हाती एका कचेरीचे पत्र होते. व्यवसाय-शिक्षणासाठी त्याची निवड झाली असून त्याने अमुक तारखेस हजर व्हावे, असा त्यातील मजकूर होता. पत्र इंग्रजीत होते. मुलास दृष्टी नाही आणि आईस अक्षरओळख नाही. दोन महिने ते पत्र घराच्या आढ्यात खोचलेले राहिले व मुदत निघून गेली. दप्तरी शेरा पडला, 'उमेदवार गैरहजर'. मी आपणास विचारतो, खरोखर गैरहजर कोण होते? तो मुलगा, की त्याला समजेल अशी भाषा?

हा प्रश्न दयेचा नाही, कायद्याचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या दुसऱ्या कलमात 'संवाद' या शब्दाची व्याख्या दिली आहे. तीत ब्रेल, मोठा छाप, ध्वनी, सोपी भाषा, इतकेच नव्हे तर वाचून दाखविणारा मनुष्य, या सर्वांचा समावेश होतो. एकोणिसाव्या कलमाने व्यवसाय-शिक्षणाच्या योजना आखण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. ही दोन कलमे एकत्र वाचावयास हवीत. शिक्षणाची सोय केली, पण तिची वार्ता अंधास कळेल अशा रीतीने दिली नाही, तर ती सोय केवळ कागदावरच राहिली असे म्हणावे लागेल.

कोणी म्हणेल, आमच्या जिल्ह्यात मराठी, गोंडी, माडिया, छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली इतक्या भाषा. हे साधावे कसे? भारती ब्रेलची घडण पाहा. सहा टिंबांची ही लिपी १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकरूप झाली. तीत समान उच्चाराला सामान्यतः समानच चिन्ह असते. लिपी आड येत नाही. आड येते ती अनास्था.

शिकविण्याची भाषाही तितकीच महत्त्वाची आहे. खुर्ची विणावयास शिकविताना 'हा धागा इकडून तिकडे घे' असे म्हटल्यास अंधास काय बोध होणार? 'डाव्या हाताकडील दुसऱ्या छिद्रातून वर काढ' असे सांगितले पाहिजे, आणि तेही त्याच्या बोलीत. आपले वडसा झाडीपट्टी नाटकांचे केंद्र आहे. रात्रभर चाललेले नाटक अंध प्रेक्षकही कानांनी ऐकून समजतो, कारण ते त्याच्या भाषेत असते. मंडपात जे साधते ते शिक्षणवर्गात का साधू नये?

आता अर्जही संगणकावर भरावे लागतात. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अशा सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे.

म्हणून आपल्या घरी वा शेजारी अंध व्यक्ती असेल तर तीन गोष्टी करा. प्रत्येक अर्जात 'मला माहिती मराठीतून व ध्वनिरूपाने अथवा ब्रेलमध्ये द्यावी' असे लेखी नमूद करा. त्या अर्जाची पोच घ्या. नकार मिळाल्यास अथवा उत्तरच न आल्यास दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करा. हक्क नाकारल्याची चौकशी करणे हे त्यांचे काम आहे.

आणि घरी आलेले कोणतेही पत्र आढ्यात खोचू नका. त्याच दिवशी कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.