हात न लावता उघडणारा कचऱ्याचा खण

मासळी साफ करताना हात भरलेले असतात. त्याच हाताने सिंकखालचा कचऱ्याचा खण ओढला, की घाण मुठीला लागते आणि तिथून घरातल्या सगळ्यांच्या हातांना. नवा ओटा करून घेणार असाल तर सुताराला आधीच सांगा.

गुडघ्याने दाबल्यावर उघडणारा खटका मिळतो. त्याला वीज लागत नाही. पण पोळ्या लाटताना ओट्याला टेकलात तरी खण बाहेर येतो! मोटरवाला खण महाग, वीज गेली की हातानेच ओढायचा. शिवाय सिंकखाली पाणी गळतं, तिथे विजेची जोडणी मला तरी नको वाटते.

मला पटते ती साधी पट्टी. खणाच्या दर्शनी फळीला खालून लोखंडी पट्टी बसवायची, पायाच्या बोटांनी ओढायची. खाली पाऊल शिरेल एवढी जागा हवी. खण चाकांच्या पट्ट्यांवर हलका सरकायला हवा, नाहीतर पायाने हलणार नाही. खण नसेल तर पायाने दाबायचा डबा आहेच. त्याचं श्रेय अमेरिकेच्या लिलियन गिलब्रेथ या अभियंता बाईंना देतात. बारा मुलांची आई हो ती!

सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर मूठही राहू द्या. ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहणं त्यांना जमायचं नाही.