आज्ञावली-लेखनाचे शिक्षण आणि स्वयंमूल्यमापन


संगणकाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिण्याची विद्या पोहण्यासारखी आहे. काठावर उभे राहून ती साध्य होत नाही. विद्यार्थ्याने स्वतः लिहावे, चुकावे व दुरुस्ती करावी लागते. परंतु वर्गात मुले चाळीस आणि शिक्षक एकच असला, की वही तपासून परत येईपर्यंत आपण तसे का लिहिले होते, हेच मुलाला आठवत नाही. संकोची मूल तर विचारावयासही धजत नाही आणि मागे पडते.

ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेतील रेन्सेलिअर पॉलिटेक्निक संस्थेत जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांच्या आज्ञावल्या यंत्राकडूनच तपासून घेतल्या व त्याची हकीकत १९६० साली प्रसिद्ध केली. आता ही सोय शाळेच्या साध्या संगणकावरही होऊ शकते.

उदाहरणार्थ, दिलेले वर्ष लीप वर्ष आहे किंवा नाही, हे सांगणारी आज्ञावली घ्यावी. विद्यार्थी केवळ चाराने भाग जातो की नाही, एवढेच पाहतो. २०२३ व २०२४ या वर्षांची उत्तरे बरोबर येतात. १९०० साठी मात्र यंत्र तत्काळ ‘चूक’ दाखविते. शतकवर्षाला चारशेने भाग जावा लागतो. म्हणून २००० हे लीप वर्ष होते, १९०० नव्हते. ही उणीव विद्यार्थ्याला कोणाच्याही हशाचा विषय न होता शोधता येते. मात्र चाचणीत १९०० हे वर्ष घातलेच नसते, तर सदोष आज्ञावलीही उत्तीर्ण ठरली असती. चाचणीची वर्षे निवडणे हे शिक्षकाचेच काम होय.

या पद्धतीत एक धोका संभवतो. काही मुले विचार न करता, ‘बरोबर’ असे उमटेपर्यंत अंदाजाने फेरफार करीत राहतात. यास्तव यंत्राला विचारण्यापूर्वी अपेक्षित उत्तर वहीत लिहून घ्यावे आणि चूक निघाल्यास तिचे कारण एका वाक्यात नोंदवावयास सांगावे. सरावातील चुकांबद्दल गुण कापू नयेत; कापल्यास मुले चुका लपवू लागतात. वीज नसेल त्या दिवशी आज्ञावली ओळीओळीने कागदावर चालवून पाहावी.

यंत्र चूक दाखविते. आज्ञावली सुबोध आहे की नाही, हे त्याला सहसा उमगत नाही. तपासणीतून वाचलेला वेळ शिक्षकांनी अशा मार्गदर्शनासाठी आणि अडलेल्या मुलाजवळ बसण्यासाठी द्यावा, म्हणजे या साधनाचे सार्थक होईल.